कोपऱ्यावरचं हॉटेल

सांगलीत आमच्या घरी हॉटेल म्हणजे भजी-मिसळीची जागा. वार्षिक परीक्षा संपली की बाबा आम्हा भावंडांना हॉटेलात न्यायचे. परगावी मुक्कामाला उतरायचं ते लॉजवर. आणि दारू मिळायची ती परमिट रूममध्ये. काळ्या काचा, अर्धवट ओढलेला पडदा, आत अंधार. बाजारातून येताना तसं एक दार लागायचं. ते जवळ आलं की आई माझं मनगट धरून मला रस्त्याच्या पलीकडे न्यायची. तिने कधी कारण सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. ते दार आपल्यासाठी नाही, एवढं मात्र पक्कं कळलं होतं.

त्यामुळे मेलबर्नला आल्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, "स्टेशनपाशी हॉटेल आहे, जेवण चांगलं असतं," तेव्हा मी निर्धास्त गेले. विटांची जुनी दुमजली इमारत, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, आणि कोपऱ्यालाच तिरपं दार. दार ढकललं तर समोर बिअरच्या नळांची रांग. मी तशीच मागे फिरले. त्या रात्री घरी ब्रेड आणि लोणचं खाल्लं.

इथे उपनगरांतल्या, गावांतल्या पबला हॉटेलच म्हणतात. जुन्या कायद्यात दारूविक्रीचा परवाना हवा असेल तर वाटसरूंसाठी खोल्या आणि जेवण ठेवावंच लागायचं. पुढे बऱ्याच ठिकाणच्या खोल्या बंद झाल्या, पाटीवरचा शब्द तेवढा राहिला. आमच्या या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर अजून काही खोल्या आहेत. सामाईक न्हाणीघर, आठवड्याचं भाडं. बांधकामावरची माणसं राहतात, आणि घर मोडलेला एखादा पुरुष.

पुन्हा त्या दारातून आत जायला मला आठ महिने लागले, आणि तेही पावसामुळे. जुलै महिना होता, म्हणजे ऐन हिवाळा. इस्पितळातल्या प्रयोगशाळेतली माझी पाळी संपायला उशीर झाला होता. रुळांचं काम चालू म्हणून गाडी रद्द, बदली बसने स्टेशनवर सोडलं, आणि मी हॉटेलच्या ओसरीखाली भिजत उभी राहिले. आतली एक बाई फुटपाथवरचा जेवणाचा फळा उचलायला बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, हातावर पोपटाचं गोंदण. म्हणाली, "आत ये गं, शेकोटी पेटवलीय. काही घेतलंच पाहिजे असं नाही."

मी शेगडीजवळच्या टेबलाशी बसले. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मी फक्त वाट बघत होते, कुणीतरी वळून बघेल याची. संध्याकाळची वेळ, एकटी बाई, दारूच्या दुकानात. कुणीच बघितलं नाही. बघणं टाळतायत असंही वाटलं नाही. शेजारच्या टेबलावर दोन बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या. पलीकडे एक बाप आपल्या दोन मुलांना बटाट्याचे तुकडे मोजून वाटून देत होता.

इथली रीत कळायला मात्र वेळ गेला. वेटर टेबलाशी येत नाही. आपण काउंटरवर जायचं, काय हवं ते सांगायचं, पैसे आधी भरायचे आणि नंबराचा खांब घेऊन आपल्या जागी यायचं. काटे-चमचे डब्यातून आपले आपण घ्यायचे. टिप कुणी मागत नाही. निघताना आपला रिकामा ग्लास काउंटरवर नेऊन ठेवला तर कामावरच्या माणसाला बरं वाटतं. तो नियम नाही, पण नेहमीचे लोक ठेवतातच.

मी दारू घेत नाही, हे काउंटरवर सांगताना मला संकोच वाटत होता. आपण फुकट जागा अडवतोय असं. आजूबाजूला ऐकून मी लेमन-लाइम-बिटर्स मागितलं. सरबतासारखं दिसतं, इथे लहानथोर सगळे पितात. गोंदणवाली बाई ग्लास भरता भरता थांबली. म्हणाली, "यात बिटर्सचे चार थेंब असतात आणि बिटर्समध्ये अल्कोहोल असतं. तुला अजिबात नको असेल तर मी त्याशिवाय करते." तिने ग्लास ओतून टाकला, दुसरा भरला, आणि तो माझ्यासमोर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्या परक्या शहरातल्या पहिल्या वर्षात माझ्यासाठी कुणी एवढी नेमकी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

मग मी जातच राहिले. बहुतेक बुधवारी, कामाची पाळी संपली की. दर बुधवारी पार्मा स्वस्त असतो. पार्मा म्हणजे पाव-चुऱ्यात घोळून तळलेली कोंबडी, वर टोमॅटोचा रस्सा आणि वितळलेलं चीज. इटलीहून आलेली माणसं वांग्याचा असा पदार्थ करायची. परदेशी गेल्यावर वांग्याच्या जागी कोंबडी आली. आमच्याकडे वांग्याचं भरीत खाऊन वाढलेल्या मला वांगं हरल्याचं थोडं वाईट वाटतं. मी मशरूम-बर्गर आणि बटाट्याचे तुकडे घ्यायची. शुक्रवारी मांसाची सोडत निघते: कसायाकडून आणलेले चॉप आणि सॉसेजचे ट्रे मांडून ठेवतात, चिठ्ठ्या विकतात, आणि येणारे पैसे बहुतेक मुलांच्या एखाद्या फूटबॉल क्लबला जातात. एकदा माझा नंबर लागला. मी तो ट्रे शेजारच्या टेबलावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना दिला, आणि आमची ओळख झाली.

आजोबांचं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात गेलं. रोज दुपारी चारला येतात, एक पॉट घेतात. पॉट म्हणजे २८५ मिलिलिटरचा ग्लास. मेलबर्नमध्ये तो पॉट, सिडनीत तेवढ्यालाच मिडी म्हणतात, आणि ॲडलेडला स्कूनर मागितला तर तोच समोर येतो. त्यांनीच मला भिंती दाखवल्या. सार्वजनिक बारच्या भिंतींना छातीपर्यंत हिरव्या-पिवळ्या फरशा आहेत. मला त्या देखण्या वाटायच्या. "पाण्याच्या नळीने धुता याव्यात म्हणून," आजोबा म्हणाले.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, १९१६ सालापासून पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा होता. पहिलं महायुद्ध चालू होतं, दारूबंदीवाल्यांचा जोर होता. माणूस लवकर घरी जाईल, असा हिशेब. घडलं उलटं. कारखाने पाचला सुटायचे आणि तासाभरात जेवढी पोटात जाईल तेवढी दारू ओतली जायची. आजोबांनी त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं पाहिली. ग्लास धुवायला सवड नसायची. बारवाला हातात पिस्तुलासारखी तोटी असलेली लांब नळी घेऊन फिरायचा आणि समोर धरलेले ग्लास भरत जायचा. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, खुर्च्या काढून टाकलेल्या. सहा वाजता सगळी रस्त्यावर. मग फरशा धुवायच्या. १९५६ साली जनतेला विचारलं, तर बहुसंख्यांनी सहाच ठेवा म्हणून मत दिलं. कायदा सुटला तो १९६६ साली. मला वाटतं, मत देणाऱ्यांत कितीतरी बायका असतील. घरी परत येणारा माणूस त्यांनी पाहिलेला असणार.

बायकांना या फरशांच्या खोलीत जागा नव्हती. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला लेडीज लाउंज असायचं, वेगळ्या दाराचं. आमच्या हॉटेलच्या गल्लीतल्या दारावरच्या काचेत ती अक्षरं अजून आहेत. आत आता बाळगाड्या ठेवतात. ते वाचलं आणि मला आपल्याकडची 'फॅमिली रूम' आठवली. बाईला बसू द्यायचं, पण पडद्याआड. ब्रिस्बेनच्या रिगाटा हॉटेलात ३१ मार्च १९६५ रोजी मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी बारच्या खालच्या दांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. बायकांनाही इथेच पेय द्या, एवढंच मागणं. क्वीन्सलँडचा कायदा बदलायला १९७० उजाडलं. मी त्या फरशांच्या खोलीत एकटी लिंबाचं सरबत पीत बसू शकते, त्याच्या मागे ती साखळी आहे. काउंटरखालच्या पितळी दांडीवर पाय ठेवताना मला दर वेळी त्या दोघी आठवतात.

आणि गॅब्बाची, म्हणजे ब्रिस्बेनच्या क्रिकेट मैदानावरच्या सामन्याची संध्याकाळ. १९ जानेवारी २०२१, मंगळवार. बरोबर एक महिन्यापूर्वी ॲडलेडला आपण ३६ धावांत गुंडाळलो गेलो होतो. कोहली घरी परतला, संघ अजिंक्य रहाणेच्या हाती आला, मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या, आणि मी त्या आठवड्यात इस्पितळात जरा ताठ मानेने वावरले. आता ब्रिस्बेनला ३२८ हवे होते. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. मी कामावरून धावत हॉटेलात आले. कोविडच्या निर्बंधांचे दिवस होते, मोजकीच माणसं आत, टेबलं लांब लांब. माझ्या बाजूला मी एकटी भारतीय. पंतने हेझलवूडला शेवटचा चौकार मारला आणि मी उभी राहिले, पण ओरडायचा धीर झाला नाही. खोलीत शांतता होती. मग आजोबा सावकाश उठले, काउंटरवर गेले आणि माझ्यासाठी बिटर्सशिवायचं सरबत घेऊन आले. समोर ठेवून म्हणाले, "हे घे. कमावलंत." पुढे बक्षीस समारंभात रहाणेने सगळ्या संघाच्या सह्यांचा शर्ट नेथन लायनला दिला, लायनचा तो शंभरावा कसोटी सामना होता. आजोबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "तुमचा कप्तान घरंदाज आहे," असं काहीसं ते म्हणाले. इंग्रजीत त्यांनी वेगळा शब्द वापरला, पण मला ऐकू आला तो हाच.

त्या सरबताने मी त्यांच्या 'शाउट'मध्ये आले. शाउट म्हणजे पाळी. एकाने सगळ्यांना पाजायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आपली पाळी यायच्या आत निघून जाणाऱ्याला इथे माणसात धरत नाहीत. पिणारा-न पिणारा हा भेद पाळीत नाही. त्यांच्या पॉटचे पैसे मी द्यायचे, माझ्या सरबताचे त्यांनी. उठून जायचं झालं तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची; म्हणजे हा माणूस परत येणार आहे, ग्लास उचलू नये.

आई आली २०२३ मध्ये, सहा महिन्यांच्या व्हिसावर. मी तिला हॉटेलात नेलं, आणि आधी सगळं सांगून नेलं. तिने पदर सावरला, आत पाऊल टाकलं आणि उंच खुर्चीत बसवलेलं एक तान्हं बाळ बघून थबकली. "अगं, इथे लेकरंपण आणतात." मग निवांत बसली. पदार्थांची यादी मी वाचून दाखवत होते. तिने एकच प्रश्न विचारला, "तेल वेगळं असतं का?"

तीन वर्षं मी तिथे बटाटे खात होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. काउंटरवरचा मुलगा आत विचारून आला आणि सरळ म्हणाला, "नाही. कोंबडी आणि मासे तळतो त्याच तेलात." मला अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. यादीत त्या बटाट्यांपुढे शाकाहाराची खूण होती, आणि मी तिच्यावर विसंबले होते. मी आवाज चढवला नाही, पण मॅनेजरला बोलावून सांगितलं की ही खूण खोटी आहे, आणि ज्याला तुम्ही शाकाहारी म्हणून ताट वाढता त्याच्याशी हे बरं नाही. त्याने माफी मागितली, पैसे परत देऊ केले. मला पैसे नको होते. पंधरा दिवसांनी यादीवरची खूण गेली आणि खाली एक ओळ आली: तळणीचं तेल सामाईक आहे. तेल अजून तेच आहे. मी आता भाजलेला बटाटा घेते.

आईने त्या दिवशी टोमॅटोचं सूप आणि पाव घेतला. सूप संपवता संपवता म्हणाली, "ते बाजारातलं दार आठवतं का तुला?"

मी म्हटलं, हो.

"आत तुझा मामा बसलेला असायचा. दुपारपासून. तू त्याला तिथे बघू नयेस, आणि त्याने तुला बघताना बघू नये, म्हणून मी पलीकडे न्यायचे." मग पाव मोडत म्हणाली, "त्याला एकदा तरी आत जाऊन हाक मारायला हवी होती. बाईमाणसाने आत कसं जायचं, म्हणून राहिलं."

मामा मी दहावीत असताना गेला.

हॉटेलात आणखी एक खोली आहे. इतका वेळ तिच्याबद्दल लिहायचं मी लांबवलं. जेवणाच्या दालनातून पुढे गेलं की रंगीत काचेचं दार आपोआप उघडतं, आत पोकीज. नाणी गिळणारी जुगाराची यंत्रं. आता नोटा घेतात. व्हिक्टोरियातल्या पबमध्ये ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. पर्थच्या बाजूला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, कसिनोबाहेर त्यांना परवानगीच नाही, आणि तिथले पब काही बंद पडलेले नाहीत. इथे कायद्याने यंत्राने लावलेल्या पैशांपैकी किमान ८७ टक्के परत द्यावे लागतात. ऐकायला बरं वाटतं. पण परत आलेले पैसे माणूस पुन्हा लावतो: शंभराचे ८७, त्याचे ७६, मग ६६, आणि सरासरीने पाचव्या फेरीअखेर निम्मे. एक फेरी काही सेकंदांची असते. ऑगस्ट २०२४ पासून पहाटे चार ते सकाळी दहा या वेळात ही दालनं बंद ठेवणं सक्तीचं झालं. त्याआधी काही ठिकाणी पहाटेही चालू असायची, आणि माणसं यायची.

त्या खोलीत बायका खूप असतात. आधी मला याचं नवल वाटायचं. मग एकदा मी दारातून नीट बघितलं. ऊब आहे. खुर्च्या मऊ आहेत. एकटीने बसलं तर कुणी विचारत नाही. गोंदणवाली बाई आतही फिरते, नावाने हाक मारते, चहा-बिस्किटं आणून देते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. पहिल्या पावसाळी संध्याकाळी मला जे मिळालं होतं, ज्याच्यासाठी मी या हॉटेलवर जीव लावला, तेच सगळं त्या खोलीतही मिळतं. जेवणाच्या दालनात ते मिळतं तेव्हा मी त्याला आपुलकी म्हणते. आत काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गोंदणवाल्या बाईचा चेहरा दोन्हीकडे तोच असतो आणि मन लावून ती दोन्हीकडे काम करते.

गेल्या वर्षी एका बुधवारी त्या काचेच्या दारातून मराठी ऐकू आलं. माझ्याच वयाची बाई, कुर्ता, खांद्यावर किराण्याची पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. कानाला फोन. "हो, दुकानात आलेय. रांग आहे मोठी." डोळे पडद्यावर, बोट बटणावर. तिने मान वळवली आणि आमची नजरानजर झाली. मी पटकन खाली बघितलं, माझं ताट उचललं आणि पाठ येईल अशा खुर्चीवर जाऊन बसले.

घरी आल्यावर मला आईचा हात आठवला, माझ्या मनगटावरचा.

पुढचे तीन बुधवार ती दिसली आणि तीनही वेळा मी पाठ करूनच बसले. चौथ्या बुधवारी दाराशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "नमस्कार. तुम्ही मराठी ना? मी सांगलीची."

तिने यंत्रावर हात तसाच ठेवला. क्षणभर वाटलं, उठून निघून जाईल. मग म्हणाली, "मी कराडची." आणि माझ्याकडे न बघता, पाहुण्याला विचारावं तसं, "चहा घेणार? इथे फुकट असतो. या ना आत."

"आत नको," मी म्हटलं. "शेगडीपाशी बसू. चहा मी आणते, पुढच्या वेळी तुमची पाळी."

ती उठली. आम्ही शेगडीपाशी बसलो. कराडचा घाट, कृष्णा-कोयनेचा संगम, तिच्या मुलीची बारावी, इथली कोथिंबीर किती महाग, असं काहीबाही बोललो. नवरा खाणीवर, तीन-तीन आठवडे बाहेर. यंत्राचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. वीस मिनिटं झाली असतील. मग तिने घड्याळ बघितलं, मग काचेच्या दाराकडे.

"आलेच," ती म्हणाली.

चहा अर्धा उरला होता. तिने टेबलावरची पुठ्ठ्याची चकती उचलली, कपावर ठेवली आणि आत गेली.